हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापीच्या पुरात लष्कराची ‘एटॉर’ गाडी चालेल का?

काठच्या गावांत तुंबलेल्या पाण्यात आणि चिखलात उत्तम चालेल, पण तापीच्या मुख्य धारेत ती उतरवू नये. कारण वेगाचं आहे. एटॉर एन १२०० ही जमिनीवर आणि पाण्यातही चालणारी गाडी आपल्या प्रचंड फुगीर टायरांच्या बळावर तरंगते आणि त्या टायरांच्या जाड नक्षीनेच पाणी मागे रेटत पुढे सरकते. जमिनीवर ताशी ४० किमी जाणारी ही गाडी पाण्यात जेमतेम ६ किमी जाते, म्हणजे सेकंदाला पावणेदोन मीटरही नाही. हतनूरच्या ४१ दरवाजांतून मोठा विसर्ग चालू असताना भुसावळकडची धार याहून जोरात असू शकते. तिथे दमदार इंजिनाची बोटच हवी. उलट यावल-रावेरकडच्या काळ्या मातीत, जिथे ट्रॅक्टर रुततो आणि बोट टेकते, तिथे हिच्यासारखं वाहन नाही: टायरांतली हवा कमी असल्याने वजन पसरतं आणि १२०० किलोपर्यंत माणसं-सामान नेता येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाबच्या पुरात लष्कराने हीच गाडी वापरली. मात्र केळीच्या बागेतून नेताना शिवार माहीत असलेला गावकरी सोबत घ्याच. पाण्याखालच्या ठिबकच्या नळ्या आणि कुंपणाच्या तारा चाकांत गुंतू शकतात.