सही करू का, ताई?

प्रश्न : ताई, मी अमेरिकेत एका रिजनल एअरलाइनमध्ये (मोठ्या एअरलाइनसाठी छोटी विमानं उडवणाऱ्या कंपनीत) फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. सव्वा वर्ष झालं, अजून रिझर्व्हवरच, म्हणजे फोन येईल तेव्हा हजर व्हायच्या ड्यूटीवरच आहे. आमच्याकडे पायलटांची युनियन नाही. ‘आपलं आपण बोलून सोडवू’ असं कंपनी म्हणते. मागच्या आठवड्यात एका कॅप्टननी ‘युनियन हवी’ म्हणून सही करायचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. क्रू रूममध्ये दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात, आपण इथे दोन-तीन वर्षांचे पाहुणे, मोठ्या एअरलाइनने बोलावलं की निघालो, मग भांडण कशाला? मला त्याहून मोठी धास्ती आहे ती माझी सही चीफ पायलटच्या टेबलावर पोचण्याची. काय करू?

उत्तर : आधी धास्तीचं बोलू. ते कार्ड कंपनीकडे जातच नाही. ते नॅशनल मीडिएशन बोर्ड या सरकारी संस्थेकडे जातं, आणि सह्या कोणाच्या आहेत हे बोर्ड कंपनीला सांगत नाही. सहीखाली तारीख स्वतःच्या हाताने घाला. वर्षाहून जुनी सही धरली जात नाही. सही केली म्हणजे युनियन आली, असंही नाही. निवडणूक मागायला कंपनीतल्या निम्म्या पायलटांची कार्डं लागतात, आणि ती सगळ्या बेसची (पायलट जिथून ड्यूटीला निघतात त्या विमानतळांची) मिळून. तुमच्या बेसवर शंभर टक्के सह्या झाल्या नि बाकीचे बेस थंड राहिले, तर काही होत नाही. पुढचं मतदान गुप्त असतं. २०१० पर्यंत जो मत द्यायचा नाही त्याचं मत ‘नको’ म्हणून मोजलं जायचं. आता पडलेल्या मतांचं बहुमत पुरतं. रेल्वे लेबर अ‍ॅक्ट हा १९२६ चा कायदा १९३६ पासून विमान कंपन्यांनाही लागू आहे. त्यात पायलटांच्या या निवडीत कंपनीने ढवळाढवळ करायला मनाई आहे.

आता ‘पाहुणे’ या मुद्द्याकडे येते. मीही माझ्या पहिल्या कंपनीत हेच म्हणायचे. तिथेही युनियन नव्हती. एका जानेवारीत डीआयसिंगच्या, म्हणजे विमानावरचा बर्फ काढून घ्यायच्या रांगेत दिवस गेला आणि हॉटेलात पोचायला रात्र झाली. नियमाप्रमाणे दहा तासांची विश्रांती कागदावर पूर्ण होती. पण हॉटेलचा फायर अलार्म रात्रीतून दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा आम्ही जॅकेटं अडकवून खाली बर्फात उभे. सकाळी कॉकपिटमध्ये चेकलिस्ट वाचताना मी एकच ओळ दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचतेय हे कॅप्टननी सांगितल्यावर कळलं. मी फटीग कॉल केला, म्हणजे थकल्यामुळे उडू शकत नाही असं कळवलं. दहा मिनिटांत चीफ पायलटचा फोन. ते ओरडले नाहीत. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, विचारत राहिले आणि शेवटी शांतपणे म्हणाले, ‘या वर्षातला हा तुमचा दुसरा कॉल.’ त्या ट्रिपचे तास पगारातून गेले. त्यानंतरच्या महिन्यात एकदा तशीच थकलेली असताना मी फोन केला नाही, विमान नेलं. मागे पन्नास माणसं बसली होती. त्याची लाज मला आजही वाटते.

थकलेल्या पायलटने उडायचं नाही आणि कंपनीने त्याला उडवायचं नाही, हे पार्ट ११७ या अमेरिकन सरकारी नियमात जानेवारी २०१४ पासून लिहिलेलं आहे. पण न उडलेल्या तासांचे पैसे कोणी द्यायचे आणि फोनवर जाब विचारायचा की नाही, हे त्या नियमात नाही. ते युनियनने कंपनीशी केलेल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये असतं. जिथे कॉन्ट्रॅक्ट नाही तिथे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये, आणि मॅन्युअल कंपनीला हवं तेव्हा बदलता येतं. पुढे युनियन असलेल्या कंपनीत मी असाच कॉल केला. फॉर्म भरला, पगार कापला गेला नाही. दोन दिवसांनी युनियनच्या समितीतल्या एका पायलटचा फोन आला आणि त्याचा पहिला प्रश्न होता, हॉटेल कुठलं होतं? महिनाभरात ते हॉटेल यादीतून गेलं.

१२ फेब्रुवारी २००९ ला कोल्गन या रिजनल कंपनीचं नेवार्कहून निघालेलं विमान बफेलोजवळ पडलं, ५० माणसं गेली. स्टॉलचा (पंखांची उचल जाऊन विमान पडू लागण्याचा) इशारा मिळाल्यावर कॅप्टननी चुकीची हालचाल केली, हे अपघाताचं कारण. पण त्यातली फर्स्ट ऑफिसर सिएटलहून रात्रभर प्रवास करून ड्यूटीवर आली होती, हेही चौकशीत पुढे आलं. म्हणून दोन वर्षं राहणाऱ्यालाही हा प्रश्न लागू आहे. मी तुमच्या जागी असते तर सही केली असती. मात्र उद्या पगार वाढेल या आशेने करू नका. पहिला करार व्हायला वर्षं लागू शकतात, आणि बोर्डाने वाटाघाटीतून मोकळं करून वर तीस दिवस उलटल्याशिवाय संप करता येत नाही.

प्रश्न : एअरलाइनच्या नोकरीसाठी लागणारे माझे उड्डाणाचे १५०० तास पुरे होत आलेत. दोन रिजनलकडून ऑफर आहे. एक मोठ्या एअरलाइनच्या मालकीची, दुसरी स्वतंत्र, पण बोनस जास्त. कुठे जाऊ?

उत्तर : बोनस एकदाच मिळतो, सीनियॉरिटी नंबर, म्हणजे कंपनीतल्या पायलटांच्या ज्येष्ठता यादीतला तुमचा क्रमांक, रोज लागतो. बेस, सुट्टी, रिझर्व्हमधून सुटका, कॅप्टन होणं, सगळं त्याच्यावर चालतं, आणि कंपनी बदलली की तो शून्यापासून सुरू होतो. म्हणून ‘आधी घुसू, मग बदलू’ हा हिशेब महागात पडतो.

मालकीचा भरवसा धरू नका. एन्व्हॉय, पीएसए, पीडमॉंट अमेरिकनच्या मालकीच्या आहेत, एन्डेव्हर डेल्टाची. कोमेअरही डेल्टाचीच होती. तिथल्या पायलटांनी २००१ मध्ये ८९ दिवस संप करून चांगला करार मिळवला, आणि २०१२ मध्ये डेल्टाने ती कंपनीच बंद केली. तिकीट मोठी कंपनी विकते, विमानावर रंगही तिचाच. काम कोणाला द्यायचं हे तीच ठरवते आणि एका रिजनलचा दर दुसरीला दाखवून दोघींना खाली ओढते. स्वतंत्र कंपनी कितीजणींसाठी उडते, ते करार कधी संपतात, हे मुलाखतीत सरळ विचारा.

आणि दोन्हीकडचं कॉन्ट्रॅक्ट किंवा मॅन्युअल मागून घ्या. रिझर्व्हचं प्रकरण आधी वाचा: फोन आल्यावर किती वेळात हजर व्हायचं, महिन्याला किती तासांची हमी आहे, फटीग कॉलचे पैसे मिळतात का. पगाराचा तक्ता त्यानंतर उघडा.