विद्यार्थी सांभाळायचे की सेवा शिकवायची? एका नव्या ट्यूटरच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची बॅच मेडिकल वॉर्डात पोस्टिंगला जाऊन तीन आठवडे झालेत. चार-पाच जण सतत गैरहजर, एक मुलगी ड्रेसिंग बघताना चक्कर येऊन पडली, दोघांनी कोर्स सोडायचं बोलून दाखवलं. कॉलेजने ताणतणावावर दिवसभराचं व्याख्यान ठेवलं, त्याने फरक पडला नाही. सीनियर म्हणतात, 'रुळतील आपोआप.' आणि तुम्ही विचारताय की शिकवण्यातूनच मुलांचं मन सावरता येतं का, पेशंटला त्याचा काही उपयोग होतो का, की हा वेळ प्रॅक्टिकलमधून काढावा लागेल.

सावरता येतं, पेशंटला उपयोग होतो, आणि वेगळा वेळ काढावा लागत नाही. बारा वर्षं वॉर्डात आणि पुढची सतरा शिकवण्यात गेली, त्या जोरावर सांगते.

आधी मुलांना नेमकी कशाची भीती वाटते ते शोधा. मी एका बॅचला पोस्टिंगच्या आदल्या दिवशी नाव न घालता चिठ्ठी लिहायला लावली होती. मला वाटलं, रक्त, वास, मृत्यू असं काही येईल. आलं वेगळंच. 'नातेवाइकांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही तर.' 'सिस्टर पेशंटसमोर ओरडल्या तर.' 'बीपीचे ठोके ऐकूच आले नाहीत तर.' 'पुरुष पेशंटला स्पंजिंग देताना (ओल्या फडक्याने अंग पुसताना) काय बोलायचं.' आणि एक चिठ्ठी अशी होती: 'कुठे उभं राहायचं तेच कळत नाही.' ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. राउंडच्या वेळी भिंतीला चिकटून उभी असलेली, कुणाच्या तरी पायात येणारी आणि ट्रॉली गेली की दचकणारी मुलगी आपण रोज बघतो. तिला जागाच कुणी दाखवलेली नसते. तेव्हापासून पहिल्या दिवशी अर्धा तास मी फक्त वॉर्ड दाखवते. चादरी कुठे, सिलिंडरची चावी कुठे, इमर्जन्सी ट्रॉलीचा कुठला कप्पा कशाचा, राउंडला बेडच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, अडलं तर हाक कुणाला मारायची.

त्या चिठ्ठ्यांतल्या बहुतेक भीती शिकवून जाण्यासारख्या होत्या. म्हणूनच ताणावरच्या व्याख्यानाने काही झालं नाही याचं मला नवल वाटत नाही. ज्या मुलाला बीपीचे ठोके ऐकू येत नाहीत त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून काय होणार? त्याला शांत खोलीत दहा माणसांचं बीपी घ्यायला लावा, दोघांना ऐकू जाईल असा स्टेथोस्कोप लावून बरोबर ऐका, 'हा पहिला ठोका, हा गेला' असं दाखवा. त्याची झोप त्याने सुधारेल.

हे जुनं दुखणं आहे. इझाबेल मेंझीस या मनोविश्लेषक बाईंनी 1960 मध्ये लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे जवळजवळ एक तृतीयांश मुली शिक्षण पुरं न करता जात होत्या. आजाराची आणि मृत्यूची जवळीक सोसवावी म्हणून रुग्णालयाने काम तुकड्यांत वाटलं होतं. एकीने सगळ्यांचं टेंपरेचर घ्यायचं, दुसरीने सगळ्यांना बेडपॅन द्यायचं. पेशंटचं नाव जाऊन 'दहा नंबरचं लिव्हर' झालं होतं. हेतू मुलींना भावनांपासून वाचवण्याचा, पण त्यांची चिंता तशीच राहिली आणि कामातलं समाधान तेवढं गेलं. तुमच्या वॉर्डात मुलांना कामं कशी वाटली जातात ते एकदा बघा. शक्य असेल तर प्रत्येकाला दोन पेशंट पूर्ण सोपवा, सकाळच्या ओव्हरपासून (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देण्याघेण्यापासून) दुपारच्या ओव्हरपर्यंत. माझ्या अनुभवात गैरहजेरी कमी करणारा याच्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. 'माझ्या आजी वाट बघत असतील' म्हणून ताप अंगावर घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्यात (त्यांना घरी पाठवावं लागतं, ते वेगळं).

आता पेशंटला काय उपयोग होतो, त्याचा एक प्रसंग.

एक विद्यार्थिनी चार्टवर सगळ्या पेशंटचा श्वसनदर 20 लिहायची. सगळ्यांचा 20, सकाळी आणि संध्याकाळी. रागावण्यात अर्थ नव्हता, कारण वर्षानुवर्षं तिच्यासमोर सगळेच तसं लिहीत होते. तिला घेऊन बेडपाशी गेले. नाडी बघतोय असं दाखवत मनगट तसंच धरून ठेवायचं, म्हणजे पेशंटला आपण श्वास मोजतोय हे कळत नाही आणि तो श्वास बदलत नाही. नजर छातीवर, चादर जाड असेल तर पोटावर. घड्याळ पूर्ण एक मिनिट. एक वर, एक खाली, मिळून एक. तीन-चार पेशंटना माझ्याबरोबर मोजलं. तीन दिवसांनी ती धावत न येता, चालत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, सहा नंबरच्या काकांचा 28 आहे. दोनदा मोजला." काका बोलत होते, ताप फारसा नव्हता, बीपी ठीक होतं. ब्रिटनमध्ये 2017 पासून वापरात असलेल्या सुधारित इशारा-गुणपद्धतीत, म्हणजे पेशंट बिघडतोय का ते गुणांवरून ओळखायच्या पद्धतीत, मिनिटाला 12 ते 20 श्वासांना शून्य गुण आहेत आणि 25 किंवा त्याहून जास्त झाले की एकट्या श्वसनदराचेच 3 गुण होतात. डॉक्टरांनी ताबडतोब येऊन बघावं यासाठी तेवढे पुरतात. डॉक्टर आले, न्यूमोनिया वाढत होता, काका आयसीयूत गेले आणि पुढे चालत घरी गेले.

त्या दिवसानंतर ती भिंतीपाशी उभी राहिलेली मला दिसली नाही. तिचं मन सावरायला मी वेगळं काही केलं नव्हतं. श्वास मोजायला शिकवलं होतं.

त्या प्रसंगात तिला आणखी एक गोष्ट येत होती, ती म्हणजे कसं सांगायचं. डॉक्टरांना फोन करताना मुलांची वाचा बसते. त्यासाठी चार पायऱ्यांची एक पद्धत आहे. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून ती रुग्णालयांत आली. आत्ता काय झालंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. ती तक्त्यावर लिहून भिंतीवर लावू नका, तोंडाने म्हणून घ्या. एकीने फोन करायचा, दुसरीने घाईत असलेला, जरा तुसडा डॉक्टर व्हायचं. 'मला काय वाटतं' या पायरीवर सगळे अडतात, कारण आजवर त्यांना काय वाटतं ते कुणी विचारलेलंच नसतं. तिथे थांबा आणि तीच पायरी पुन्हापुन्हा करून घ्या.

मॅनिकिन (सरावाचा पुतळा) नाही, लॅब नाही, अशी सबब मी स्वतः फार वर्षं सांगितली. मुलीच पेशंट आणि मुलीच नातेवाईक होऊन पुष्कळ काम भागतं. अमेरिकेत नर्सिंग परवाना मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने 2014 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वॉर्डातले निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनमध्ये, म्हणजे प्रसंग उभे करून केलेल्या सरावात, घेतलेले विद्यार्थी ज्ञानात आणि कौशल्यात इतरांपेक्षा मागे पडले नाहीत. पण तिथे शिकवणारे त्यासाठी तयार केलेले होते आणि प्रत्येक प्रसंगानंतर शांतपणे चर्चा होत होती. ती चर्चा गाळली तर उरतं फक्त नाटक. प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर त्यावर बोलायला वीस मिनिटं ठेवा. पहिला प्रश्न 'काय चुकलं?' असा नको. 'त्या क्षणी तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?' असं विचारा.

चुकांबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण तुमच्या प्रश्नात ते आलं नाही आणि माझ्या मते मुख्य दुखणं तिथेच असतं. एका ठिकाणी मी नवीन असताना एका विद्यार्थ्याने दोन सारख्या आडनावांच्या पेशंटच्या गोळ्यांची अदलाबदल केली. त्याने स्वतः येऊन सांगितलं. अपाय झाला नाही, पण त्याला पूर्ण वॉर्डासमोर, नातेवाइकांसमोर उभं करून बोललं गेलं. मी गप्प राहिले. आजही ते मला लागतं. त्यानंतर सहा महिने त्या वॉर्डात विद्यार्थ्यांकडून एकही चूक नोंदली गेली नाही, आणि इन्चार्ज सिस्टर ते अभिमानाने सांगायच्या. चुका होतच होत्या, फक्त लपत होत्या. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथली माणसं बोलायला घाबरत नव्हती. आणि चूक करणाऱ्याच्या मनावर जो घाव बसतो त्याबद्दल अल्बर्ट वू या डॉक्टरांनी 2000 मध्ये लिहिलं. त्याला त्यांनी दुसरा बळी म्हटलं. चूक सांगायला आलेल्या मुलाला माझं पहिलं वाक्य आता ठरलेलं असतं: "सांगितलंस ते बरं केलंस, आधी पेशंटकडे जाऊ." बाकीचं नंतर, दार लावून.

पहिल्या मृत्यूबद्दलही तयारी हवी. मुलं रडतात त्यापेक्षा काही न करता उभं राहावं लागतं याने जास्त खचतात. म्हणून काम आधी दाखवून ठेवा. डोळे कसे मिटायचे, नळ्या कधी काढायच्या, पेशंटचं नाव घेऊन बोलत बोलत अंग कसं पुसायचं, नातेवाइकांना किती वेळ द्यायचा. नंतर त्या मुलीला लगेच पुढच्या इंजेक्शनला पाठवू नका. दहा मिनिटं शेजारी बसा. बोलली तर ऐका.

सीनियर सिस्टर्सवर रागावू नका, ही विनंती. पॅट्रिशिया बेनर या नर्सिंगच्या अभ्यासक बाईंनी 1984 मध्ये नवशिक्या नर्सपासून निष्णातापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. निष्णात नर्सला पेशंट बघूनच कळतं की काहीतरी बिघडतंय, आणि आपल्याला ते कसं कळलं ते तिला सांगता येत नाही. नवशिक्याला नियम आणि आकडे लागतात. 'बघून कळतं' हे त्याच्या काही कामाचं नाही. म्हणून मी जाणत्या सिस्टरना गाठून विचारते, "तुम्हाला नेमकं काय दिसलं?" थोडं खोदलं की सांगतात: "ओठांचा रंग," "उशी सारखी बदलत होता." ते मी मुलांना लगेच लिहून देते.

व्यवस्थापनापुढे आकडे लागतील, तर नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा 2014 चा युरोपातला अभ्यास ठेवा. 9 देश, 300 रुग्णालयं, 4,22,730 शस्त्रक्रियेचे पेशंट. पदवीधर नर्सेसचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त असेल तिथे 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी कमी दिसली. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही लपवू नका. एका नर्सवर एक पेशंट वाढला की तीच शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. तुमची मुलं शिकायला जाताहेत की रिकाम्या जागा भरायला, हे त्यांच्या ड्यूटीच्या तक्त्यावर कळेल. सलग नाइट आणि सकाळी लेक्चर असेल तर माझ्या वरच्या एकाही उपायाचा उपयोग होणार नाही. ते भांडण तुम्हालाच करावं लागेल, आणि करा.

कोर्स सोडायचं म्हणणाऱ्या दोघांशी वेगवेगळं बोला. झोप उडालीय, जेवण सुटलंय, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलण्यात आलं तर ते तुमच्या शिकवण्याने बरं होणारं नाही. त्याच दिवशी स्वतः बरोबर जाऊन समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटवा.

आणि चक्कर येऊन पडलेली मुलगी. तिला ड्रेसिंगमधून वगळू नका, वगळलं की भीती पक्की होते. अशी चक्कर बहुधा नाडी आणि बीपी एकदम उतरल्याने येते. तिला सांगा, रिकाम्या पोटी यायचं नाही, गुडघे ताठ करून उभं राहायचं नाही. डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं वाटलं की मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळायच्या, आणि तरी वाटलं तर लगेच खाली बसायचं. तसं बसायची मुभा तुम्ही सगळ्यांदेखत द्या. उद्या तिला फक्त ट्रे धरायला उभं करा, तुमच्या शेजारी, स्टूल मागे ठेवून. परवा चिकटपट्टी कापू दे. जखमेपर्यंत ती स्वतःच येईल.