इंग्लंडमध्ये आफ्रिकन संगीताची दरमहा नाचाची रात्र सुरू करायची आहे. हॉल, परवाने, डीजे, तिकीट यांची सुरुवात कशी करावी?

हॉल आणि परवान्यांचं आधी उरकते. दारू विकणार असाल किंवा रात्री अकरानंतर गाणी चालणार असतील, आणि जागेला तसा परवाना नसेल, तर कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, 'टेम्पररी इव्हेंट नोटिस' (एका कार्यक्रमापुरती परवानगीची सूचना) द्यायची. २१ पौंड, किमान दहा कामाचे दिवस आधी, आणि कामाची माणसं धरून एका वेळी ५०० च्या आत. गाण्यांचं लायसन्स हॉलकडे आहे का ते विचारा. भिंतीवर साउंड लिमिटर आहे का, हेही विचारा. आवाज चढला की तो सॉकेटची वीजच तोडतो. आमापियानो, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं आजचं नाचाचं संगीत, त्यातला लॉग ड्रमचा खोल ठोका तर त्याला अजिबात सोसत नाही.

आता खरं बोलू. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'आम्हाला ती व्हाइब आवडते, सगळं मिक्स लावणार.' तिथे मला जरा लागलं.

मी टांझानियात, दार-एस-सलाममध्ये वाढले. बाबा कापडगिरणीत हिशेबनीस होते. १९८० च्या दशकात तिथे बँडवरून शहरात दोन तट होते, एक म्सोंडोवाले आणि एक सिकिंदेवाले. म्सोंडो कामगार संघटनेचा बँड. सिकिंदे म्हणजे म्लिमानी पार्क, शहराच्या विकास महामंडळाचा. वादक पगारी नोकर. एसटी महामंडळाचा स्वतःचा नाचाचा ऑर्केस्ट्रा असावा, तसं. आम्ही मराठी पोरं मात्र त्या हॉलांत कधी पाऊल टाकलं नाही. 'ते आपलं नाही,' एवढंच आई म्हणायची. गाणी आमच्याकडे यायची ती शेजारच्या रखवालदाराच्या रेडिओवरून, भिंत ओलांडून. बारा वर्षं मी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून ऐकली.

म्हणून २०१३ साली लेस्टरमध्ये एका मैत्रिणीबरोबर अशी रात्र सुरू केली तेव्हा मला वाटलं, चला, एकदाची हॉलच्या आत आले. मैत्रीण झुंबाचे वर्ग घ्यायची. तिचं म्हणणं, लोक चार मिनिटांच्या पुढे एक गाणं सहन करत नाहीत. माझं म्हणणं, मग काँगोची रुंबा लावूच नका. त्या गाण्याचा पहिला अर्धा भाग संथ, शब्दांचा. मग गायक मागे सरतात, गिटारी पुढे येतात आणि सुरू होतो सेबेने. नाच खरा तिथे. जुन्या छोट्या तबकड्यांवर तर पुष्कळदा एका बाजूला गाणं आणि उलटली की सेबेने. ते तोडणं म्हणजे अभंग म्हणून झाल्यावर ऐन गजराच्या तोंडाशी टाळ काढून घेणं.

तिसऱ्या महिन्यात एक काँगोली आजोबा आले. थ्री-पीस सूट, चकचकीत बूट, हातात लिंबाचं सरबत. दीड तास एकटेच बसून. मी काँगोचा गिटारवादक फ्रँको याच्या टीपीओके जॅझ या बँडचं एक लांबलचक गाणं लावलं आणि ते उठले, कोटाचं बटण लावून मधोमध येऊन उभे राहिले. नाचले नाहीत. वाट बघत होते. इकडे मैत्रिणीला दिसलं, फ्लोअर रिकामा होतोय. सेबेने सुरू होणार त्याच क्षणी तिने गाणं कापलं आणि बॉलीवूड लावलं. पोरं ओरडत धावली.

आजोबा माझ्यापाशी आले आणि स्वाहिलीत म्हणाले, "दादा, भात शिजवलास आणि मटण लपवून ठेवलंस." (स्वाहिलीत दादा म्हणजे ताई, आणि काका म्हणजे भाऊ. मराठी माणसाची तिथे आयुष्यभर गंमत होते.) मग ते टोपी घालून निघून गेले.

त्या रात्री खुर्च्या रचताना आमचं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. ती म्हणाली, एका म्हाताऱ्यासाठी साठ माणसं घरी पाठवायची का? मी म्हटलं, ज्याचं संगीत त्यालाच हॉलबाहेर काढायचं असेल तर पोस्टरवर आफ्रिकेचा नकाशा कशाला?

तेव्हा डीजेचं उत्तर हे: मित्राला फुकट उभं करू नका. गावातल्या काँगोली, झिम्बाब्वेच्या, नायजेरियन मंडळींना विचारा, त्यांच्या लग्नांत कोण वाजवतो ते शोधा आणि त्याला त्याचा दर द्या. एका रात्री एकच मुलूख घ्या. नायजेरियातल्या लागोसचं आजचं पॉप, म्हणजे अफ्रोबीट्स, आणि तिथल्याच फेला कुटीचं सत्तरच्या दशकातलं अफ्रोबीट यांत नावाच्या शेवटच्या 'स'पुरताच फरक आहे असं ज्याला वाटतं, त्याच्या हाती कन्सोल देऊ नका. 'आफ्रिकन नाइट' म्हणजे 'आशियाई नाइट' म्हणून लावणी, कव्वाली आणि कोरियन पॉप एका ताटात वाढणं. २०२१ साली युनेस्कोने काँगोच्या रुंबेला वारसा म्हणून मान दिला, म्हणून सांगत नाही. युनेस्कोने दिला नसता तरी हेच म्हटलं असतं.

दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. गाणं मधे तोडायचं नाही हा माझा नियम आमापियानोला लागू नाही. ते एकातून दुसऱ्यात वाहतच जातं, तिथे कापाकापी चालते. आणि त्या रात्रीचं हॉलचं भाडं निघालं ते बॉलीवूडच्या त्या तासामुळेच. पुढे मी एकटीने, सेबेनेसकट, दोन वर्षं चालवलं आणि जवळजवळ दर महिन्याला खिशातून घातले. आजोबा मात्र परत आले, आणि मग पुतण्यांना घेऊन यायला लागले. साडेदहाच्या आत कधीच नाही, म्हणून हॉल सातपासून घेऊ नका, भाडं फुकट जातं.

तिकिटाचं विचारलंत, ते आमचं कधीच ठरलं नाही. ती सात पौंड म्हणायची, मी तीन. शेवटी दारात पैसे टाकायला बिस्किटांचा डबा ठेवला होता.