सोसायटीतल्या आंब्याची फांदी पावसात पडली, तिच्यावर सीतेची वेणी (झाडावर वाढणारं ऑर्किड) आहे, ती कुंडीत लावली तर जगेल का? (ठाणे)

कुंडीतल्या मातीत अजिबात लावू नका, पडलेल्या फांदीच्या तुकड्यासकट दुसऱ्या जिवंत आंब्यावर बांधा, जगायचा चान्स खूप चांगला आहे. कारण हे ऑर्किड झाडावरच वाढतं, पण झाडाचा रस वगैरे पीत नाही, त्याच्या मुळांवर पांढरट स्पंजसारखं आवरण असतं ते पावसाचं पाणी आणि हवेतली ओल शोषतं, आणि मातीत तीच मुळं गुदमरून कुजतात. आमच्याकडे आम्ही असंच सुतळीने बांधलं होतं, मुळं खोडाला धरेपर्यंत सुतळी सोडली नाही.

- खरखरीत सालीचं झाड, सकाळचं ऊन, दुपारी सावली
- मुळं सोलून सुटी करायची नाहीत, तुटतात
- पानांच्या बेचक्यात पाणी साचू नये म्हणून जरा तिरकं बांधा
- पाऊस संपला की रोज सकाळी फवारा

फक्त एक, हे सोसायटीत पडलेल्या फांदीपुरतंच. येऊरचं जंगल नॅशनल पार्कात येतं, तिथून पडलेलं दिसलं तरी प्लीज उचलू नका, बेकायदेशीर आहे. आणि जमिनीतली ऑर्किडं तर कुठूनच खणू नका, ती मातीतल्या बुरशीच्या जिवावर जगतात, उपटली की बहुतेक मरतातच.