रॅपलिंगच्या स्लिंगवर व्हिया फेराटा?

प्रश्न : ताई, माझं वय ४७, वजन ९४ किलो. पन्हाळा ते पावनखिंड दर पावसाळ्यात चालतो. मुलगा म्युनिकला असतो. सप्टेंबरात तो मला इटलीत डोलोमाइट्सला व्हिया फेराटा करायला नेणार आहे. कड्यावर ठोकलेल्या पोलादी केबलला स्वतःला अडकवून चढायचं असतं म्हणे. आमच्या ग्रुपचं रॅपलिंगचं (दोरावरून कडा उतरायचं) हार्नेस म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, स्लिंग म्हणजे शिवलेल्या पट्टीचा वेढा, आणि कॅराबिनर म्हणजे उघडझाप होणाऱ्या कड्या आहेत. तेवढ्यावर भागेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : हार्नेस धड असेल तर न्या. स्लिंग घरीच ठेवा, मुलगा काहीही म्हणो.

रॅपलिंगला तुमचा भार आधीपासून दोरावर असतो, झटका बसत नाही. इथं पाय सुटला की तुम्ही केबलवरून घसरत थेट खालच्या अँकरपर्यंत, म्हणजे केबल जिथं खडकात ठोकलेली असते तिथपर्यंत, जाता. तो चार मीटर खाली असला, तर तेवढं पडल्याचा सगळा झटका मीटरभर स्लिंगवर एकदम येतो, आणि ताण खाणारा लांब दोर मध्ये नसतोच. स्लिंग तुटू शकते. नाही तुटली तर पाठीचं काही खरं नाही.

म्हणून व्हिया फेराटाचा वेगळा सेट असतो. त्याला टोकाला कॅराबिनर असलेले दोन पट्टे आणि घडी घालून शिवलेली एक पट्टी असते. पडलात की तिची शिवण उसवत जाते आणि झटका त्यात जिरतो. एकदा उसवलेला सेट टाकून द्यायचा. सेटवर ‘ईएन ९५८ : २०१७’ हे युरोपीय मानक लिहिलंय का बघा. तो ४० ते १२० किलोंसाठी असतो, सॅक-बूट धरून. तुम्ही त्यात बसता, पण सॅक हलकी ठेवा! तिकडं भाड्यानं मिळतो. हेल्मेटही घ्या, आणि हातमोजेही. केबलच्या सुटलेल्या तारा हात फाडतात.

अँकरपाशी आधी एक कॅराबिनर पुढं, मग दुसरा. दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत. दोन अँकरांमध्ये एकच माणूस. सेट आहे म्हणून पडून बघू नका; खाली लोखंडी पायऱ्याच असतात.

पाय तुमचे तयार आहेत. पण आपला कोल्हापुरी गडी दंडाच्या जोरावर केबल ओढत चढायला बघतो आणि अर्ध्या वाटेत त्याचे हात भरून येतात. जोर पायांवरच ठेवा. उंचीची भीती वाटते का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. जायच्या आधी कळसूबाईच्या शिड्या चढून बघा. जर्मन मार्गदर्शिकांत वाटांना ए ते ई अशी श्रेणी असते; पहिल्या वेळी ए किंवा बी. दुपारी तिकडं गडगडायला लागतं, आणि विजांत पोलादी केबलला धरून राहणं म्हणजे मरणाला बोलावणं. सकाळी लवकर निघा.