दर पावसाळ्यात सायकलची बीबी का जाते आणि तिच्या जागी काय बसवावे

आपण लिहिले आहे की चोडणहून फेरीने रायबंदरला उतरून रोज पणजीला सायकलने कामावर जाता, दर पावसाळ्यात बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्यांना जोडणारा एक्सल ज्यात फिरतो तो फ्रेममधला बेअरिंगचा भाग) खराब होते, पेडल मारताना कट-कट आवाज येतो आणि आता दुकानदाराने ३० मिलिमीटर एक्सलचा महाग क्रँकसेट (पेडलचे दांडे आणि पुढचे दातेरी चाक) व सिरॅमिक बेअरिंगची बीबी सुचवली आहे. ती घ्यावी का, हा आपला प्रश्न. डिचोली, मये, चोडण, रायबंदर हा रस्ता मी अनेक पावसाळे सायकलने तुडवला आहे आणि नेमक्या याच तक्रारीपायी एक चांगली फ्रेम गमावली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चेन पुसणे, तेल घालणे वगैरे आपल्याला माहीत असणारच, ते सोडून देतो.

माझे स्पष्ट मत असे की सुचवलेला माल घेऊ नये. बहुतेक सिरॅमिक बेअरिंगमध्ये फक्त गोळ्या सिरॅमिकच्या असतात. त्या ज्या कड्यांत फिरतात त्या पोलादीच असतात आणि पाणी शिरले की त्या इतर कोणत्याही बेअरिंगइतक्याच गंजतात. शर्यतीत उतरणाऱ्याला त्यांचा काही उपयोग होत असेल, फेरीच्या रांगेत उभे राहणाऱ्याला नाही. ३० मिलिमीटरच्या एक्सलचेही तसेच आहे. एक्सल जाड झाला की तेवढ्याच आकाराच्या कपात, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या वाटीत, गोळ्यांसाठी आणि रबरी सीलसाठी जागा कमी उरते, आणि आपल्याला तर सीलच हवे आहे.

आपल्या फ्रेमच्या शेलला (बीबी जिच्यात बसते त्या आडव्या नळीला) आटे असतील, तर टिकाऊ पर्याय माझ्या मते दोनच आहेत. पहिला, चौकोनी एक्सलची सीलबंद कार्ट्रिज बीबी (एक्सल आणि बेअरिंग एकाच बंद डब्यात असलेली) आणि तिच्यावर बसणारा साधा क्रँकसेट. दुसरा, २४ मिलिमीटर पोलादी एक्सलचा क्रँकसेट आणि त्याचे शेलबाहेर बसणारे कप. कार्ट्रिजमध्ये बेअरिंग शेलच्या आत असते, त्यामुळे पुढच्या चाकाने उडवलेले पाणी त्याच्यापर्यंत थेट पोहोचत नाही. माझ्या अनुभवात आपल्याकडच्या पावसात तीच जास्त टिकते. बाहेरचे कप चाकाच्या माऱ्यात असतात आणि लवकर जातात, पण घरच्या घरी थोड्या वेळात बदलता येतात. ते घेताना दोन कपांना जोडणारी प्लास्टिकची नळी सोबत आहे ना, हे जरूर पाहावे. स्वस्त कपांत ती नसते आणि मग फ्रेमच्या आत साचलेले पाणी बेअरिंगला मागच्या बाजूने भिडते. रोज सामान घेऊन, बेताच्या वेगाने जाणाऱ्याला मी कार्ट्रिजच सुचवीन; जोर लावून घाट चढणाऱ्याला मात्र बाहेरच्या कपांचा ताठपणा आवडेल.

तरीही केवळ भाग बदलून आपला त्रास थांबणार नाही, कारण पाणी कुठून येते हे पाहिल्याशिवाय कोणतीही बीबी टिकत नाही. बरेचसे पाणी वरून येते. सीटपोस्टच्या (सीटखालच्या दांड्याच्या) मागची फट मागच्या चाकाच्या बरोबर समोर असते. तिथून आणि बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूंमधून पाणी नळीत उतरते आणि शेलच्या तळाशी साचते. शेलखाली भोक असेल तर ते मातीने बुजले आहे का पाहावे. डिचोलीच्या बाजूने येणाऱ्याचे ते बुजलेले असतेच, कारण इथली जांभ्याची तांबडी माती आणि खाणीकडची धूळ ओली झाली की सीलच्या कडेला पाट्यावरच्या वाटणासारखी बसते आणि प्रत्येक फेऱ्याला रबर घासत राहते. सीटपोस्टला ग्रीस लावावे आणि फटीवर जुन्या ट्यूबचा एक तुकडा घट्ट चढवावा. पुढच्या मडगार्डला रस्त्यापासून चार बोटांवर येईल इतका लांब रबरी पडदा लावावा. या पडद्याने माझी बीबी जितकी वाचवली तितकी कोणत्याही कंपनीच्या सीलने वाचवलेली नाही.

फेरीच्या धक्क्याचा प्रश्न वेगळा आहे. भर पावसात मांडवीला गोडे पाणी इतके येते की खार कमी होतो. खरा खार दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात असतो, भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर आणि रायबंदरच्या मिठागरांलगतच्या हवेतही. त्यामुळे पावसाळा संपला म्हणजे धोका संपला असे समजू नये. पोलादी कप अ‍ॅल्युमिनियमच्या शेलमध्ये कोरडाच बसवला आणि त्यात खारट ओल गेली, तर दोन धातू एकमेकांना असे धरतात की नंतर ते सुटतच नाहीत.

माझे जे मोठे नुकसान झाले ते इथेच. ज्या दुकानातून सायकल घेतली होती, त्यांच्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरने बीबी बदलली होती आणि आट्यांना ग्रीसचे बोटही लावले नव्हते. पुढच्या पावसाळ्यानंतर आवाज सुरू झाला म्हणून सायकल पुन्हा तिथेच नेली. बीएसए या आट्यांच्या प्रचलित पद्धतीच्या शेलमध्ये चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे तो काढायचा तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो. तिथल्या मुलाने पान्याला लांब पाइप घातला आणि नेहमीच्या दिशेने जोर लावला. मी समोर उभा राहून दिशा उलटी आहे असे सांगत होतो. काउंटरवरच्या व्यवस्थापकाने मला वर्कशॉपच्या बाहेर थांबायला सांगितले. कप शेवटी बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत तंतू गुंडाळलेले होते आणि शेलच्या आत बोट फिरवले तर गुळगुळीत लागत होते.

त्यानंतर जे झाले ते मला आजही सहन होत नाही. फ्रेमवर वॉरंटी होती. मला सांगण्यात आले की सायकल पावसात वापरली, आत गंज आहे, म्हणून वॉरंटी लागू नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात सायकल विकायची आणि पावसात वापरली म्हणून हात झटकायचे, याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही. कंपनीला लिहिले तर उत्तर आले की निर्णय विक्रेता घेईल; विक्रेता म्हणाला, कंपनी घेईल. नकार लेखी द्या म्हटले तर द्यायला कोणी तयार नव्हते. काढलेला कप मागितला तर तो भंगारात गेला होता, म्हणजे पुरावाही गेला. फ्रेम गेली, आता नवीन घ्या, एवढेच ते सांगत राहिले, आणि रोज कामावर जायचे असल्यामुळे मी नवीन घेतली.

अशी फ्रेम बहुधा वाचवता येते, हे मला खूप नंतर समजले. बीएसएचे आटे साधारण ३४.८ मिलिमीटरचे असतात. पुरेसा धातू शिल्लक असेल तर तिथेच ३६ मिलिमीटरचे इटालियन आटे पाडता येतात, किंवा आट्यांची गरजच नसलेली, दोन्ही बाजूंनी शेलला आवळून बसणारी चौकोनी एक्सलची कार्ट्रिज बीबी बसवता येते. ही दुरुस्ती नव्या फ्रेमच्या मानाने फार स्वस्त पडते. त्या काउंटरवर एकानेही याचा उल्लेख केला नाही. म्हणून आपल्याला कळकळीने सांगतो की सायकल देताना शेलच्या आट्यांचे फोटो काढून ठेवा, कोणता भाग बसवला आणि कोणता काढला हे बिलावर लिहून घ्या आणि जुना भाग न चुकता परत मागून घ्या. मी वकील नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीसाठी कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, एवढे ठाऊक असलेले बरे.

बसवताना काय पाहावे, हेही सांगतो, कारण चांगला माल वाईट बसवला की तो वाईटच ठरतो. आट्यांना पाण्याने धुपणार नाही असे बोटींसाठीचे ग्रीस किंवा अँटी-सीझ (धातू एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायचा लेप) भरपूर लावलेले हवे. चौकोनी एक्सलवर क्रँकचा बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटरने (आवळण्याच्या जोराचे माप) आवळावा आणि थोडे अंतर चालवल्यावर पुन्हा तपासावा. ढिल्या क्रँकने घरापर्यंत सायकल आणली तरी त्याचे चौकोनी भोक गोलावते आणि मग तो क्रँक कितीही आवळला तरी बसत नाही. २४ मिलिमीटरच्या पद्धतीत डाव्या बाजूची प्लास्टिकची टोपी फक्त हातानेच, ढिलाई जाईल इतपत फिरवायची असते. ती पकडीने आवळणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत आणि तिथे बेअरिंग आठवड्याभरात जड होते. त्यानंतर डाव्या दांड्याचे दोन स्क्रू १२ ते १४ न्यूटन-मीटरने, आळीपाळीने.

क्रँकच्या दांड्यांबद्दल माझा कल घडीव, भरीव दांड्यांकडे आहे. दोन भाग चिकटवून केलेले पोकळ दांडे हलके असतात, पण २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीने २०१२ ते २०१९ दरम्यान बनवलेले अकरा गिअरचे अल्टेग्रा आणि ड्युरा-एस हॉलोटेक क्रँक, चिकटवलेला जोड सुटू शकतो म्हणून तपासणीसाठी परत मागवले होते. कोणी जुना क्रँक स्वस्तात देत असेल तर दांड्याच्या आतल्या बाजूचा उत्पादन-कोड आधी पाहावा. चेनरिंग (क्रँकवरची दातेरी चाके) रिव्हेटने ठोकलेले नकोत, बोल्टने बसवलेले हवेत. तांबड्या मातीत दात झिजतात आणि तेवढ्यासाठी पूर्ण क्रँकसेट टाकून द्यावा लागू नये.

खर्च करण्याआधी आवाज खरोखर बीबीचाच आहे का, हे पाहा. चेन चेनरिंगवरून उतरवा, क्रँक हाताने फिरवा आणि सीटच्या नळीला कान लावा. मग दांडा धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. खरखर किंवा हालचाल जाणवली तरच बीबी. नसेल तर पेडल काढून आट्यांना ग्रीस लावा, चेनरिंगचे बोल्ट आवळा, सीटपोस्ट पुसून पुन्हा बसवा. कट-कट बऱ्याचदा तिथूनच येते. आणि गाड्या धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने सायकल कधीही धुवू नये. ते पाणी सील उचलून आत शिरते.

आता शेलची रुंदी मोजा. ६८ किंवा ७३ मिलिमीटर आणि आत आटे असतील तर वरचे सगळे लागू होते. कार्ट्रिज घेताना जुन्या बीबीवर लिहिलेली एक्सलची लांबी, उदाहरणार्थ ११३ किंवा १२२.५, तशीच मागावी, नाहीतर चेन सरळ रेषेत येणार नाही. शेलच्या आत आटे नसून ते गुळगुळीत असेल तर ती प्रेस-फिट फ्रेम आहे. अशा वेळी आतला व्यास मोजा, तो बहुधा ४१ किंवा ४६ मिलिमीटर निघेल, आणि त्या मापाची, दोन अर्धे भाग एकमेकांत आट्यांनी आवळून बसणारी बीबी मागवा. नुसते ठोकून बसवलेले प्लास्टिकचे कप आपल्या पावसात पुन्हा कट-कट करतील.