स्कूबाचे कोणते साहित्य घरी बनवावे आणि कोणते बनवू नये?

आपण विचारले आहे की, स्कूबा डायव्हिंगचा ‘ओपन वॉटर’ हा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे, पण साहित्याचा नवा संच परवडत नाही. काकांच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये लेथ, ड्रिल आणि हवेचा कॉम्प्रेसर आहे, तर त्यांच्या मदतीने काय काय बनवता येईल? माझ्या मते पुष्कळ बनवता येईल. मात्र ज्या वस्तूतून आपण श्वास घेणार आहात आणि ज्या वस्तूच्या आधाराने पाण्यात तरंगणार आहात, त्या दोन्ही तयारच घ्याव्यात, मग त्या जुन्या असोत किंवा भाड्याच्या.

आधी कॉम्प्रेसरविषयी लिहितो, कारण आपल्या प्रश्नातील हाच भाग वाचून मला काळजी वाटली. वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर साधारण ८ ते १० बारपर्यंत (एक बार म्हणजे जवळपास एका वातावरणाचा दाब) हवा दाबतो आणि डायव्हिंगची टाकी २०० बारच्या आसपास भरतात, त्यामुळे त्याने टाकी भरणे शक्यच नसते. म्हणून पुष्कळांना त्याला लांब नळी जोडून थेट श्वास घ्यावा असे सुचते. अशा कॉम्प्रेसरमधील वंगणाचे सूक्ष्म कण हवेबरोबर फुप्फुसांत जातात, आणि यंत्र फार तापले तर त्याच तेलातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो. श्वसनाच्या हवेसाठी असलेल्या ईएन १२०२१ या युरोपीय मानकात या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत ५ भागांहून अधिक चालत नाही. त्याला वास नसतो, आणि ३० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्याने त्याचा अंशदाबही (हवेतील त्या एका वायूच्या वाट्याचा दाब) चौपट होतो. याशिवाय वर नळी निसटली किंवा फाटली आणि तिच्यात एकदिशा झडप नसली, तर पाण्याखालच्या माणसाच्या तोंडाशी एकाएकी पृष्ठभागाइतकाच दाब उरतो आणि छातीवर मात्र पाण्याचा पूर्ण भार कायम राहतो. १० मीटरवर हा फरक एका वातावरणाइतका असतो आणि फुप्फुसांना तो सोसत नाही.

आपण फ्रेंच नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो यांचे उदाहरण दिले आहे, की त्यांचे उपकरणही मोटारीच्या झडपेपासूनच बनले होते. १९४३ साली ज्या उपकरणाने आधुनिक स्कूबा सुरू झाला, त्यातील झडप मुळात युद्धकाळातील पेट्रोलटंचाईमुळे मोटारी गॅसवर चालवण्यासाठी तयार केलेली होती हे खरे. पण ती तयार करणारे एमिल गान्यां हे वायूंच्या उद्योगात मुरलेले अभियंते होते. तरीही फ्रान्समधील मार्न नदीतील पहिल्या चाचणीत ते उपकरण आडवे पोहताना नीट चालले आणि उभे राहताच त्यातून हवा वाया जाऊ लागली. उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा आणि पाण्याच्या दाबाने हलून हवा सोडणारा पडदा यांच्या उंचीत थोडा फरक होता, आणि पाण्यात तेवढाही फरक दाबात उतरतो. ती जागा पडद्याच्या पातळीवर आणल्यावर दोष गेला. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतील हवा श्वास घेण्याजोग्या दाबावर आणून देणारे यंत्र, किती सूक्ष्म फरकांवर चालते हे यावरून ध्यानात येईल.

टाकीच्या बाबतीतही हेच आहे. औद्योगिक ऑक्सिजनचे किंवा अग्निशामकाचे जुने सिलिंडर वापरण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली झटके आणू शकतो, आणि टाकीच्या गळ्यातील आटे वरवर जुळल्यासारखे दिसले तरी जुळलेले नसतात. पाऊण इंची आट्यांच्या टाकीत ‘एम २५’ या दुसऱ्या मापाच्या आट्यांची झडप काही फेरे सहज बसते आणि दाब भरल्यावर गोळीसारखी बाहेर उडते. असे अपघात झालेले आहेत. भारतात दाबाच्या सिलिंडरांवर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार ‘पेसो’ ही संस्था देखरेख ठेवते (तिचे मुख्यालय नागपूरला आहे), आणि सिलिंडरची ठरावीक मुदतीने जलदाब चाचणी करावी लागते. डायव्हिंग केंद्रे बहुधा टाकी आणि वजनासाठी कमरेला लावायचे शिसे डाइव्हच्या शुल्कातच देतात, तेव्हा स्वतःची टाकी घेण्याची नवशिक्याला गरज नाही. आपली सर्वांत मोठी बचत इथेच होते.

आता काकांच्या वर्कशॉपला साजेसे काम सांगतो, ते म्हणजे बॅकप्लेट आणि हार्नेस. फ्लोरिडातील पाण्याखालच्या गुहांमध्ये जाणाऱ्या डायव्हरांनी रूढ केलेली ही मांडणी अत्यंत साधी आहे: पाठीला धातूची एक प्लेट, तिच्यातून ओवलेला एकच अखंड पट्टा, आणि प्लेट व टाकी यांच्यामध्ये हवेची पिशवी, जिला विंग म्हणतात. प्लेटसाठी ३१६ दर्जाचे ३ मिलिमीटर जाडीचे स्टेनलेस स्टील घ्यावे, लेझरने कापून घ्यावे आणि मधोमध उभी खाच राहील अशा बेताने दोन्ही बाजूंना वाकवावे. खाचेतील दोन मुख्य छिद्रांच्या केंद्रांमधील अंतर ११ इंचच ठेवावे, कारण बाजारातील बहुतेक विंग याच मापावर बसतात. पट्टा ज्या चिरांमधून जातो त्यांच्या कडा कानशीने आणि पॉलिश पेपरने इतक्या गुळगुळीत कराव्यात की त्यांवरून बोट फिरवताना कुठेही अडू नये. राहिलेली एक बारीक धारसुद्धा काही महिन्यांत पट्टा कापते.

पट्टा ५० मिलिमीटर रुंदीचा, ताठ नायलॉनचा असावा. मोटारीच्या सीटबेल्टचा पट्टा भक्कम असला तरी पातळ आणि मऊ असतो, त्यामुळे त्यावरील डी-रिंग (साहित्य अडकवण्याची कडी) जागेवरून सरकत राहते. साधारण पावणेचार मीटर लांबीचा एकच तुकडा दोन्ही खांद्यांवरून आणून कमरेपाशी स्टीलच्या बकलने बंद होतो. शिवाय मांड्यांच्या मधून जाणारा वेगळा पट्टा हवाच, नाहीतर विंगमध्ये हवा भरताच सगळा संच मानेकडे सरकतो. खांद्यांवर पट्टा घट्ट ओढू नये. वेटसूट घातलेला असताना कोणाच्याही मदतीशिवाय हात बाहेर काढता आला पाहिजे. विंग मात्र शिवत बसू नये. जुनी मिळाली तर पूर्ण फुगवून रात्रभर ठेवावी, मग टबात बुडवून शिवणींवर आणि झडपांवर बुडबुडे दिसतात का ते पाहावे.

अशी स्टीलची प्लेट अडीच ते तीन किलोंची होते आणि तेवढे शिसे कमरेवरून कमी करता येते. हा हिशेब रिकाम्या टाकीवर करावा. ११ लिटरच्या अॅल्युमिनियमच्या टाकीत भरलेली हवाच अडीच किलोंहून अधिक असते, म्हणून सुरुवातीला किंचित बुडणारी टाकी शेवटी दीड-दोन किलोंच्या ताकदीने वर ओढू लागते. टाकीत ५० बार उरलेले असताना ५ मीटरवर विंग रिकामी ठेवून स्थिर राहता आले, तर वजन बरोबर आहे असे समजावे. शिसे घरी वितळवू नये. त्याची वाफ विषारी असते आणि साच्यात ओल राहिली तर वितळलेला धातू अंगावर उसळतो. शिशाचे छर्रे आणून बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून जाळीदार पिशव्या शिवून घेतल्या तरी काम भागते.

किरकोळ वस्तूंमध्ये तर घरच्या कारागिरीला पूर्ण वाव आहे. स्वयंपाकघरातील प्लास्टिकच्या जाड चॉपिंग बोर्डातून लेथवर उत्तम स्पूल (दोरी गुंडाळण्याचे रीळ) निघतो. त्यावर नायलॉनची विणलेली दोरी गुंडाळावी, कारण पॉलिप्रॉपिलीनची दोरी तरंगते आणि गुंतते. पांढऱ्या पीव्हीसीच्या तुकड्याला बारीक पॉलिश पेपर मारला की पाण्याखाली शिसपेन्सिलीने लिहिण्याची पाटी तयार होते. क्लिपा धातूला धातू अडकवून न लावता दोरीने बांधाव्यात, म्हणजे प्रसंगी कापता येतात. कापण्यासाठी सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळणारी, पट्ट्या कापण्याची बोथट टोकाची कात्री मला महागड्या सुऱ्यापेक्षा अधिक उपयोगी वाटते. कोकणच्या समुद्रात खडकांना अडकून राहिलेली तंगुसाची जाळी पाण्याखाली जवळपास दिसतच नाहीत, आणि ती सुऱ्यापेक्षा कात्रीने चटकन कापली जातात.

रेग्युलेटर जुना घेणार असाल तर घेण्यापूर्वी एवढेच विचारा की त्याचे सर्व्हिस किट (झिजणारे भाग बदलण्याचा संच) आज मिळते का आणि ते बसवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आपल्या आवाक्यात आहे का. दोन्हींपैकी एकाचे उत्तर नाही असे आले तर तो फुकटही घेऊ नये. किट बदलल्यानंतर तंत्रज्ञासमोरच पहिल्या टप्प्यानंतरचा (टाकीवर बसून दाब कमी करणाऱ्या भागानंतरचा) दाब मोजून घ्यावा. बहुतेक रेग्युलेटरांत तो ९ ते १० बारच्या आसपास असतो, आणि काटा स्थिर न राहता हळूहळू चढत असेल तर आतील सीट (झडप जिच्यावर टेकून बंद होते तो भाग) गळते आहे.

तयार झालेली वस्तू थेट समुद्रात नेऊ नये. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरील डायव्हिंग बंद असते. त्या महिन्यांत एखाद्या पोहण्याच्या तलावात प्रशिक्षकाच्या सोबतीने एका वेळी एकच नवी वस्तू वापरून पाहावी, म्हणजे काही बिघडलेच तर कशामुळे ते लगेच कळते. बॅकप्लेट बनवण्याआधी काकांना पुठ्ठ्यावर पूर्ण आकाराचा नमुना कापून द्या, तो पाठीला लावून चिरांच्या जागा नक्की करा आणि मगच स्टील कापायला टाका.